मणिभाईंची गाय

१९२४ सालच्या डिसेंबर महिन्याच्या २६ व २७ तारखांस टिळकवाडीत उभारलेल्या विजयनगर नावाच्या मंडपनगरीत राष्ट्रीय सभेचे जे अधिवेशन भरले, आणि गांधीजींनी आयुष्यात ज्याचे अध्यक्षपद स्वीकारले असे एकमेव अधिवेशन म्हणून ज्याचा उल्लेख इतिहासाच्या पुस्तकांत हटकून आढळतो, त्याची स्मृती बेळगावकरांनी काँग्रेस रोड, वीरसौध आणि त्या वेळी पाहुण्यांच्या पाण्यासाठी खोदलेली विहीर या रूपांनी जतन करून ठेविली आहे. परंतु अधिवेशन संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे २८ डिसेंबर रोजी, त्याच बेळगावात आणि गांधीजींच्याच अध्यक्षतेखाली जी गोरक्षा परिषद झाली, तिचे स्मरण आज क्वचितच कोणी करतो. टिळकवाडीच्या कुशीला लागून असलेल्या, भाताच्या शिवारांनी वेढलेल्या आणि त्या काळी सर्वस्वी कुणबिकीवर जगणाऱ्या आमच्या अनगोळ गावाने तरी ती परिषद विसरावयास नको होती. कारण राष्ट्रीय सभेच्या मंडपात जे ठराव झाले ते देशाच्या राज्यकारभाराविषयी होते, आणि या परिषदेत जी चर्चा झाली ती आमच्या गोठ्याविषयी होती.

गांधीजींच्या विचाराचा रोख गोरक्षणाच्या तत्कालीन रूढ चळवळीहून निराळा होता. गाईचा वैरी शोधण्यासाठी दुसऱ्याच्या दाराशी जाण्यापूर्वी हिंदूने आपल्याच दावणीकडे पाहावे, तेथे अर्धपोटी उभी असलेली गाय, वाट्याचे दूध न मिळाल्याने खंगलेले वासरू आणि शक्तीबाहेरचे ओझे ओढणारा बैल त्याला दिसेल, आणि जोपर्यंत हे चित्र पालटत नाही तोपर्यंत बाकीचा सर्व उद्योग व्यर्थ होय, ही त्यांची धारणा होती. पुढल्या वर्षी अखिल भारतीय गोरक्षा मंडळ स्थापन झाले तेव्हा उत्तम दुग्धालये चालविणे आणि मेलेल्या जनावरांच्या कातड्याचा सुव्यवस्थित उद्योग उभारणे ही कामे त्याच्या कार्यक्रमात आली, हे पाहून पुष्कळ भाविकांस धक्का बसला असेल. पण ज्या गाईचा खर्च तिच्या मालकाला पेलत नाही तिला केवळ भक्तीच्या बळावर कोणी फार दिवस पोसू शकत नाही, हे कटू सत्य गांधीजींनी जाणले होते. १९२७ साली म्हैसूर संस्थानात विश्रांतीसाठी राहिले असता बंगळूरच्या सरकारी दुग्धशास्त्र संस्थेत जाऊन ह्या वृद्धत्वाकडे झुकलेल्या पुढाऱ्याने विद्यार्थ्याप्रमाणे पशुपालनाचे धडे घेतले. १९४१ साली वर्ध्यास गोसेवा संघ निघाला, आणि आपली लक्ष्मी व आपली कर्तबगारी त्या कामी वाहून घेतलेले जमनालाल बजाज अवघ्या काही महिन्यांत, ११ फेब्रुवारी १९४२ रोजी, निवर्तले. विचार तयार होता, संघटनेचा आराखडाही होता. परंतु एका खेड्यात ठाण मांडून, पंचवीस-तीस वर्षे शेणामुतात हात घालून हा विचार प्रत्यक्षात उतरवील असा मनुष्य अद्याप मिळावयाचा होता. तो पुढे पुणे जिल्ह्यातील उरुळीकांचन येथे मिळाला, आणि त्याचे नाव मणिभाई भीमभाई देसाई.

मणिभाई जन्माने महाराष्ट्रीय नव्हते. सुरत जिल्ह्यातील कोसमाडा या गावी, शेतकरी कुटुंबात, २७ एप्रिल १९२० रोजी त्यांचा जन्म झाला. ते दहा वर्षांचे होत आले असताना दांडीयात्रा त्यांच्याच जिल्ह्यातून गेली, आणि त्या मुलखातील त्या वयाच्या मुलांवर तिचा जो संस्कार झाला तो पुसला जाणे अशक्यच होते. त्यांनी विज्ञानाचे शिक्षण घेतले. १९४२ च्या आंदोलनात उडी घेतली, भूमिगत राहिले, तुरुंगवास भोगला. आणि सुटल्यावर नोकरीधंद्याचा मार्ग न धरता सेवाग्रामला जाऊन गांधीजींच्या हाताखाली राहिले. विज्ञानाची शिस्त आणि आश्रमाचे व्रत ही दोन्ही एका ठिकाणी आल्यामुळेच पुढील कार्य झाले, असे मला वाटते. नुसते विज्ञान असते तर ते एखाद्या सरकारी फार्मचे अधीक्षक होऊन निवृत्तिवेतन घेते झाले असते, आणि नुसते व्रत असते तर पांजरपोळाचे व्यवस्थापक म्हणून पुण्य जोडून गेले असते.

पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते व गांधीजींनी तेथे उपचार घेतले होते. गरिबांसाठी असे केंद्र काढावयाचे तर ते शहरात काढून उपयोग नाही, गरीब जेथे राहतो तेथेच ते पाहिजे, असा निर्णय झाल्यावर पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर, सोलापूरच्या लोहमार्गावर असलेल्या उरुळीकांचन गावाची निवड झाली. मार्च १९४६ मध्ये गांधीजी तेथे जाऊन राहिले, रोज सकाळी दुरून दुरून आलेल्या रोग्यांना तपासू लागले, आणि महिनाअखेर दिल्लीहून राजकारणाची बोलावणी येताच निघून गेले. जाताना मागे जी मोजकी माणसे त्यांनी ठेविली त्यांत पंचवीस वर्षांचे मणिभाई होते. आपण ह्याच गावी राहू, आपला देह ह्याच गावाच्या मातीत मिळेल, असे वचन त्यांनी गांधीजींस दिले होते. दोन वर्षांच्या आत वचन घेणारा पुरुष जगात उरला नाही. परंतु त्या वचनातून मोकळे होण्याचा विचार मणिभाईंच्या मनास शिवला नाही. ते अविवाहित राहिले, आणि त्यापुढील सत्तेचाळीस वर्षे उरुळीकांचन हेच त्यांचे घर, कचेरी आणि प्रयोगशाळा राहिली.

प्रारंभीची वर्षे गाईची नव्हतीच. कर्ज, दारू आणि भांडणतंटे यांनी जर्जर झालेल्या त्या गावात आधी विश्वास कमवावयाचा होता, आणि तो कमविण्यासाठी शाळा, स्वच्छता, शेती व सहकारी व्यवहार अशी अनेक कामे हाती घ्यावी लागली. विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे ह्यांनी निसर्गोपचार आश्रमाची धुरा सांभाळली, त्यामुळे मणिभाईंस गावात व शिवारात हिंडण्यास मोकळीक मिळाली. आश्रमाच्या गोशाळेत त्यांनी गीर गाई आणून जोपासल्या. सौराष्ट्रातील ती विशाल कपाळाची, पानासारख्या दुमडलेल्या लांब कानांची, शांत स्वभावाची गाय दख्खनच्या कोरड्या हवेत कशी टिकते, कोणत्या वैरणीवर किती दूध देते, कोणाची पोर आईहून सरस निघते, ह्याच्या नोंदी ठेवीत त्यांनी कित्येक वर्षे घालविली, आणि त्या गोशाळेचा लौकिक दूरवर पसरला. पुढील कार्याची खरी पूर्वतयारी त्या नोंदवह्यांत झाली. मोठ्या कार्याच्या आरंभी अशी एक नीरस, कोणाच्या डोळ्यांत न भरणारी, वहीत आकडे मांडण्याची तपश्चर्या असते, आणि गौरवग्रंथ लिहिणारे तिला नेमके एका वाक्यात गुंडाळून टाकतात.

त्या आकड्यांनी त्यांना एक अडचण दाखवून दिली. निवड पद्धतीने, म्हणजे चांगल्या गाईची चांगल्या वळूशी गाठ घालून, वंश सुधारतो हे खरे. परंतु गाईची एक पिढी पुढे सरकण्यास चार-पाच वर्षे लागतात, आणि दर पिढीत पडणारी भर अल्प असते. चार-पाच वर्षांची होईतो पहिल्यांदा न विणारी, व्यायल्यावर दिवसाला लिटर-दोन लिटर दूध देणारी, आणि दोन वेतांत दीड-दोन वर्षांचे अंतर टाकणारी गावरान गाय ज्याच्या दाराशी आहे अशा अल्पभूधारकास, तुझ्या नातवाच्या कारकीर्दीत हिची जात सुधारेल असे सांगणे हे त्याच्या दारिद्र्याची थट्टा करण्यासारखे होते. होल्स्टीन आणि जर्सी ह्या पाश्चात्य जातींच्या वळूंशी संकर केला असता पहिल्याच पिढीतील कालवड अडीच-तीन वर्षांत विते आणि आईच्या कितीतरी पट दूध देते, हे शास्त्राने सिद्ध झाले होते. गोसेवेच्या परंपरेत वाढलेल्या माणसास परदेशी वळूचा स्वीकार करणे सोपे नव्हते, आणि त्या परंपरेतील पुष्कळांस तो रुचलाही नाही. मणिभाईंनी तो केला. कारण त्यांच्या दृष्टीने गाईचे पावित्र्य तिच्या कुळाच्या शुद्धतेत नसून तिच्यावर जगणाऱ्या कुटुंबाच्या पोटाशी बांधलेले होते. बेळगावच्या परिषदेने सुचविलेल्या विचाराचा हा स्वाभाविक विकास होता, असे माझे मत आहे.

२४ ऑगस्ट १९६७ रोजी भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. आद्याक्षरांवरून ती बाएफ ह्या नावाने सर्वत्र ओळखली जाते. पुढल्याच वर्षी सरकारने मणिभाईंस पद्मश्री दिली. संस्थेचे स्वरूप विचारपूर्वक ठरविलेले होते: ती सरकारी खाते नव्हती, नफ्याची कंपनीही नव्हती, तर विश्वस्तांच्या नियंत्रणाखाली, राजकारणापासून अलिप्त राहून, धंदेवाईक शिस्तीने चालणारी सेवासंस्था होती. परदेशातून उत्तम वळू व गोठविलेले वीर्य आणवून उरुळीकांचन येथे तिने आपली प्रयोगशाळा उभारली.

ह्या ठिकाणी थोडे शास्त्र सांगणे अवश्य आहे. कृत्रिम रेतन भारतास नवीन नव्हते. १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धालयात संपत्कुमारन यांनी ते केले होते. पण ताजे वीर्य दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नसे, त्यामुळे वळू जेथे असेल त्याच्या आसपासच्या गाईंनाच त्याचा लाभ होई. १९४९ साली इंग्लंडातील संशोधकांना ग्लिसरीनच्या साहाय्याने वीर्य गोठवूनही जिवंत ठेवता येते असे आढळले, आणि पुढे उणे १९६ अंश तपमानाच्या द्रवरूप नत्रवायूत ते वर्षानुवर्षे टिकविण्याची सोय झाली. एका वेळच्या वीर्यातून शेकडो मात्रा निघतात, प्रत्येक मात्रा काडीएवढ्या नळीत भरली जाते, आणि ती नळी, जिला आमचे शेतकरी कांडी म्हणतात, नत्राच्या पात्रात घालून कोठल्याही खेड्यापर्यंत नेता येते. मात्र गाईच्या निसर्गाला घाई आहे. ती दर एकवीस दिवसांनी माजावर येते, तो माज अर्धा-पाऊण दिवसच टिकतो, सकाळी हंबरू लागलेली गाय संध्याकाळी भरवली तरच गाभण राहण्याची शक्यता. आणि ती वेळ हुकली की शेतकऱ्याचे तीन आठवड्यांचे दूध बुडाले.

मणिभाईंच्या कर्तृत्वाचा गाभा येथे आहे, आणि म्हणून मी येथे थोडा रेंगाळणार आहे. तोपर्यंतचा शिरस्ता असा होता की तालुक्याच्या ठिकाणी जनावरांचा दवाखाना असावा, त्याची वेळ ठरलेली असावी, आणि माजावर आलेली गाय शेतकऱ्याने कासरा धरून पाच-सात मैल चालवीत तेथे न्यावी; गेल्यावर डॉक्टर दौऱ्यावर आहेत असे कळावे, किंवा त्या दिवशी सुटी असावी, आणि चालून चालून थकलेली गाय घेऊन मनुष्याने माघारी यावे. ज्याची रोजची मजुरी बुडते असा गरीब एकदा हे करील, दुसऱ्यांदा करणार नाही. बाएफने ही दिशाच उलटी केली. दहा-पंधरा गावांमागे एक केंद्र, त्या केंद्रावर प्रशिक्षित मनुष्य, त्याच्यापाशी मोटारसायकल आणि नत्राचे पात्र. गाय माजावर आल्याचा निरोप मिळताच, रविवार असो वा दिवाळीचा पाडवा असो, त्याने शेतकऱ्याच्या दावणीशी जावयाचे, तेथेच रेतन करावयाचे, ठरल्या मुदतीनंतर पुन्हा जाऊन गर्भतपासणी करावयाची, आणि वासरू झाल्यावर त्याचीही नोंद घ्यावयाची. वैरण कोणती घालावी, खरवस वासराला किती पाजावा, लाळ्या-खुरकूत व घटसर्प यांच्या लसी केव्हा टोचाव्यात, हे सांगण्याचे कामही त्याच्याकडेच. शास्त्र परदेशातून आणता येते. पण वेळेवर दारात येणारा मनुष्य येथेच घडवावा लागतो, आणि तो घडविण्यासाठी आपली शिस्त दुसऱ्याच्या अंगी उतरविण्याचे सामर्थ्य लागते. ते मणिभाईंपाशी होते.

आणखी एक गोष्ट त्यांनी अचूक हेरली. १९७० च्या दशकात महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने भरभराटीस आले होते. त्यांच्यापाशी पैसा होता, हजारो सभासदांची यादी होती, बागायती शिवार होते, आणि गळिताच्या हंगामात उसाच्या वाड्यांचे ढीग पडत होते. बाएफच्या आरंभीच्या पशुपैदास केंद्रांना ह्या कारखान्यांनी आश्रय दिला. उसाची बिले सभासदास वर्षाकाठी मिळणार, तर दुधाचा पैसा दर आठ-पंधरा दिवसांनी त्याच्या घरात येणार, हे गणित कारखान्याच्या संचालकांस लगेच पटले. त्याच दशकात डॉ. वर्गीज कुरियन यांच्या नेतृत्वाखाली दुधाचा महापूर योजना देशभर पसरत होती, आणि लोकांच्या स्मरणात दुग्धक्रांती म्हणून तीच राहिली आहे. ते न्याय्यच आहे. तथापि कुरियन यांनी दुधाला बाजारपेठ दिली, तर मणिभाईंनी त्या बाजारपेठेत दूध घालू शकेल अशी गाय गरिबाच्या दाराशी उभी केली. एकावाचून दुसरे अपुरे राहिले असते.

१९८२ साली लोकसेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मणिभाईंस मिळाला. वय बासष्टचे होते. पण त्याच सुमारास त्यांनी दक्षिण गुजरातेत वांसदा येथील आदिवासींमध्ये एक अगदी वेगळे काम आरंभिले. एकेका कुटुंबास एकरभर नापीक जमिनीवर आंब्याची बाग, कडेने जळणाची व चाऱ्याची झाडे, आणि झाडे फळावर येईतो आंतरपिके, अशी जी वाडीची योजना तेथे आकारास आली तिचा स्वीकार पुढे नाबार्डने केला व ती अनेक राज्यांत गेली. सुबाभूळ ह्या झाडाचा प्रसारही त्यांनी मोठ्या उत्साहाने केला. त्या झाडाविषयी केलेल्या सर्वच अपेक्षा फळल्या नाहीत, आणि केवळ त्याचाच पाला खाऊ घातल्यास जनावरास अपाय होतो हेही शेतकरी अनुभवाने शिकला. पण उन्हाळ्यात हिरवा चारा कोठून आणावा हा प्रश्न त्यांनी टाळला नाही, एवढे खरे. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी त्यांचे निधन झाले. नारायण हेगडे यांनी नेतृत्व स्वीकारले, आणि संस्थापकामागे संस्था ओस पडण्याचा जो अनुभव आपल्याकडे नेहमी येतो, तो येथे आला नाही. पुण्याच्या वारजे भागातून तिचा कारभार आज चालतो, डझनाहून अधिक राज्यांत तिची केंद्रे आहेत, आणि कर्नाटकात तिपटूरला तिच्या भगिनीसंस्थेचे मोठे कार्य आहे.

आता आमच्या मुलखाकडे वळतो. पहाटे अनगोळच्या गल्ल्यांतून हिंडले असता अजूनही शेणाचा व ओल्या वैरणीचा वास येतो. भांदुर गल्ली, बाबले गल्ली, कुरबर गल्ली या जुन्या वस्तीत पुढे राहते घर आणि मागे गोठा ही रचना पुष्कळ ठिकाणी टिकून आहे; चौथ्या रेल्वे गेटाच्या पलीकडे आणि येळ्ळूरच्या वाटेवर मात्र जेथे भात डोलत असे तेथे घरांचे प्लॉट पडले आहेत. गोठ्यात पाहावे तर दोन म्हशी आणि त्यांच्याशेजारी एक काळीपांढरी संकरित गाय, असा जोड आढळतो. सीमाभागाची जीभ म्हशीच्या दुधावर पोसलेली आहे, कोल्हापूरच्या कट्ट्यावर पंढरपुरी म्हशीची धार ग्राहकासमक्ष काढून देण्याची रीत आजही पाळली जाते, आणि फॅटप्रमाणे दर मिळत असल्यामुळे म्हशीच्या लिटरला गाईहून अधिक पैसा येतो. असे असूनही संकरित गाय येथे स्थिरावली, ती वेतातील अंतर कमी आणि दूध अधिक ह्या साध्या हिशोबावर. तिच्यासाठी येणारा रेतनाचा मनुष्य सरकारी खात्याचा असो, दूधसंघाचा असो वा बाएफसारख्या संस्थेचा असो, तो आज दुचाकीवर बसून दारात येतो हे आम्ही इतके गृहीत धरले आहे, की कधी काळी गाय कासऱ्याने ओढत दवाखान्यात न्यावी लागे हे नव्या पिढीस सांगूनही पटत नाही.

निपाणीकडे गेल्यास दुधाने घराघरांत घडविलेला फरक अधिक ठळक दिसतो. त्या पट्ट्याचे अर्थकारण पिढ्यान्‌पिढ्या तंबाखूवर चालले. पैसा वर्षातून एकदा यावयाचा, तोही अडत्याच्या मर्जीने. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली झालेले तंबाखू उत्पादकांचे आंदोलन, आणि ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात बळी गेलेले शेतकरी, ह्यांची आठवण त्या भागात अद्याप जिवंत आहे. त्या एकरकमी पैशावर सबंध मालकी घरातील पुरुषाची असे. दुधाचा पैसा मात्र थोडा थोडा, नियमाने येतो, आणि धार काढणारी, शेण काढणारी, वैरण कापणारी स्त्रीच असल्यामुळे त्यातील काही तरी तिच्या हाती राहते. मुलाची फी, सासूचे औषध, बचत गटाचा हप्ता ही देणी दुधाच्या बिलातून भागतात. मणिभाईंच्या कार्याचे मोजमाप करणारे लिटरांचे आकडे देतात; मला हा पालट त्या आकड्यांहून मोठा वाटतो.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन बेळगाव, निपाणी, खानापूर हा मराठी मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्यात घातला गेला, आणि त्या घटनेचे दुःख आम्ही मनात बाळगून आहोत. दूध मात्र ती राज्यसीमेची रेषा जुमानीत नाही. १६ मार्च १९६३ रोजी स्थापन झालेल्या आणि आनंदराव पाटील-चुयेकर यांच्या हाती वाढलेल्या कोल्हापूरच्या गोकुळ संघाचा दर काय आणि नंदिनी नाममुद्रेखाली दूध विकणाऱ्या कर्नाटकाच्या संघाचा दर काय, ह्याची तुलना सीमेवरच्या प्रत्येक दूधसंस्थेच्या ओट्यावर रोज चालते. कर्नाटक सरकार आपल्या संघांना दूध घालणाऱ्यास लिटरमागे ५ रुपये प्रोत्साहनपर देते, तर कोल्हापूरकडे दिवाळीला दूधदरातील फरकाची रक्कम भरघोस मिळते. गाय तीच, गोठा तोच. सवलतीचा हक्क मात्र उताऱ्यावरील राज्याच्या नावाप्रमाणे बदलतो.

मणिभाईंच्या वारशात एक बाजू अशी आहे की तिचा उच्चार केल्याविना हा लेख प्रामाणिक ठरणार नाही. संकरित गाईच्या पोटी जन्मलेला गोऱ्हा नांगराला किंवा गाडीला गावरान खोंडासारखा उपयोगी पडत नाही. त्याला वशिंड नाममात्र असते, ऊन सोसत नाही. ट्रॅक्टर आल्यावर हा प्रश्न कोणी विचारीनासा झाला, पण जनावर तर जन्मतेच. महाराष्ट्रात २०१५ पासून आणि कर्नाटकात त्यानंतर सुमारे सहा वर्षांनी बैल-वळूंच्या कत्तलीवरही कायद्याने बंदी आल्यानंतर त्या गोऱ्ह्याचे काय करावयाचे, हे ओझे एकट्या शेतकऱ्याच्या शिरावर आले, आणि मोकाट सोडलेली तरणी जनावरे रस्त्यांवर दिसू लागली. गाईचे अर्थशास्त्र ज्याने मांडले त्या पुरुषाच्या दृष्टीस गोऱ्ह्याचे अर्थशास्त्र पुरेसे पडले नाही, असे मला आदरपूर्वक म्हणावेसे वाटते. कारण ज्या काळात त्यांनी संकराचा पुरस्कार केला त्या काळी बैलाला शेतात काम होते, आणि ते काम इतक्या लवकर सरेल असे कोणासच दिसले नाही.

त्याबरोबर आमच्या नदीखोऱ्यातील एक थोर जात जवळजवळ लयास गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगली व आसपासच्या पटवर्धन संस्थानिकांनी गीर, ओंगोल, कांक्रेज आणि म्हैसूरकडील जनावरे यांच्या मिश्रणातून कृष्णाखोरी नावाची जात घडविली. अथणी, रायबाग, जमखंडी, मुधोळ ह्या भागांत कृष्णा, घटप्रभा व मलप्रभा यांच्या काठच्या चिकट काळ्या रानात नांगर ओढणारी ती धिप्पाड जनावरे. त्यांच्या गाईंना दूधही बेताचे बरे. अमेरिकेत ब्राह्मण नावाची जी प्रसिद्ध जात तयार झाली तिच्या पूर्वजांत कृष्णाखोरीची गणना होते. अमेरिकेच्या कुरणांत तिचे वंशज सुखाने चरतात, आणि ती जेथे जन्मली तेथे शुद्ध जनावर शोधावे लागते. खिलारची स्थिती बरी आहे, ती शर्यतींमुळे व हौसेमुळे. रायबाग तालुक्यातील चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत माघात खिलार खोंडांच्या दावणी अजून लागतात. २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ आली तेव्हा दोन्ही राज्यांत बाजार बंद पडले, गोठेच्या गोठे आजारले, आणि स्थानिक जातींच्या काटकपणाविषयी पुन्हा बोलले जाऊ लागले.

ह्या ऱ्हासाचे सारे खापर संकरावर फोडणे मात्र अन्यायाचे होईल. कृष्णाखोरी बैल गेला तो ट्रॅक्टरमुळे आणि उसाच्या पाण्यामुळे. अनगोळची गाय उद्या जाईल ती परदेशी वळूमुळे नव्हे, तर वैरणीच्या रानावर रस्ते आणि प्लॉट पडल्यामुळे. हलगा-मच्छे बगलरस्त्यासाठी अनगोळ, वडगाव, शहापूर, येळ्ळूर यांच्या तिबार पिकाच्या जमिनी जाऊ नयेत म्हणून येथील शेतकरी वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या करीत आला, त्या लढ्यात भाताचा उल्लेख पदोपदी झाला. पण त्या बांधावरचे गवत आणि त्या भाताचा पेंढा हाच येथल्या गोठ्यांचा आधार आहे, हे कोठल्याही दस्तऐवजात नमूद झालेले माझ्या पाहण्यात नाही. गायराने ह्यापूर्वीच संपली. विकतच्या पेंडीवर आणि लांबून आणलेल्या कडब्यावर गाय पोसावयाची झाल्यास मणिभाईंनी मांडलेले गणित उलटते, आणि दुधाचा दर दोन रुपयांनी वाढला तरी ते सुलटत नाही.

बाएफने स्वतः आपले धोरण काळाप्रमाणे बदलले आहे. डांगी, गवळाऊ, लाल कंधारी, खिलार अशा देशी जातींच्या जतनाचे काम महाराष्ट्राच्या जनुक-पेढी प्रकल्पात तिने अंगावर घेतले. आणि दहांपैकी नऊ वेळा कालवडच जन्मावी अशा लिंगनिश्चित वीर्याच्या कांड्या आता तिच्याप्रमाणेच सरकारी व सहकारी संस्थांकडूनही मिळू लागल्या आहेत, ज्यामुळे नकोशा गोऱ्ह्यांचा प्रश्न निदान पुढल्या पिढीत सौम्य होऊ शकेल. त्या कांड्या साध्या कांडीहून महाग आहेत, आणि सवलतीचा लाभ मिळण्यास जनावराच्या कानात बिल्ला व मालकाच्या नावे कागद असावे लागतात. भाड्याच्या गोठ्यात किंवा दुसऱ्याच्या शिवारात जनावर बांधणाऱ्या गवळ्यास तेथेच अडखळावे लागते. त्याच्या दारापर्यंत ही सोय पोहोचविण्याचे काम दोन्ही राज्यांच्या पशुसंवर्धन खात्यांस करता येण्याजोगे आहे, आणि कृष्णाखोरीच्या उरलेल्या वळूंचे वीर्य दोन्ही राज्यांच्या केंद्रांत साठवून अथणीच्या शेतकऱ्यास महाराष्ट्रातील जतमधून व जतच्या शेतकऱ्यास अथणीतून ते विनाअडथळा मिळण्याची व्यवस्था करणेही तितकेच शक्य आहे. त्यासाठी सीमाप्रश्नाचा निकाल लागण्याची वाट पाहण्याचे कारण नाही; चिंचलीच्या पुढल्या यात्रेत दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी एका मंडपात बसून पशुपालकांची नोंदणी सुरू केली, तरी आरंभ होईल.